गिधाड आणि गोठा

पोलादपूर मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की कशेडीचा घाट लागतो. रायगड जिल्ह्याची हद्द येथे सरते आणि घाट ओलांडताच रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुका सुरू होतो. आता डोंगराच्या पोटातून बोगदे काढण्यात आल्याने पुष्कळशी वाहने घाट न चढताच पलीकडे जातात. परंतु घाटाच्या आसपासच्या वाड्या, त्यांतील गोठे आणि रानात चरावयास जाणारी गुरे ही पूर्वीच्याच जागी आहेत. एके काळी कोकणातील कोणत्याही वाडीबाहेर एखादे जनावर मरून पडले, की थोड्याच वेळात आकाशात काळे ठिपके घिरट्या घालू लागत. पाहता पाहता ते खाली उतरत, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी स्वच्छ हाडांचा सांगाडा तेवढा उरे. आजच्या चौथीतील मुलाने हे दृश्य पाहिलेले नसते. त्याच्या वडिलांनीही ते कदाचित लहानपणीच शेवटचे पाहिले असेल.

परिसर अभ्यासाच्या तासाला गिधाडाचा पाठ घ्यावयाचा, तर शिक्षकापुढील पहिली अडचण ज्ञानाची नसून भाषेची असते. मराठीत ‘गिधाड’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. मेलेल्याच्या मालमत्तेवर टपून बसणाऱ्या नातेवाइकांना आपल्याकडे गिधाडे म्हणतात. सीतेसाठी रावणाशी झुंजून प्राण वेचणारा जटायू हाही ह्याच कुळातला मानला जातो, हे मात्र ती शिवी देताना कोणाच्या ध्यानात येत नाही. गिधाड कोणाचा जीव घेत नाही. मेलेल्या जनावराचे मांस खाणे हाच त्याचा आहार. म्हणून पाठाचा प्रारंभ पक्ष्याच्या रूपापासून न करता त्याच्या कामापासून करावा.

हे काम किती मोठे आहे, ते असे सांगता येईल. एखादा बैल उघड्यावर मेला व तसाच पडून राहिला, तर तो कुजतो. त्यावर माश्या बसतात, कुत्री व उंदीर जमतात आणि पावसाळ्यात त्याचा घाण अंश ओढ्यात उतरतो. गिधाडांचा थवा तेच मढे तासा-दीड तासात साफ करतो. त्यांच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की फाशीसारख्या भयंकर रोगाचे जंतूदेखील त्यात टिकत नाहीत. गिधाडाच्या डोक्यावर व मानेवर पिसे जवळजवळ नसतात. मुले त्याला कुरूप म्हणून नावे ठेवतात. परंतु मढ्याच्या आत मान घालणाऱ्या पक्ष्याला पिसे असती, तर ती रक्तामांसाने सदैव लडबडलेली राहिली असती, हे एकदा सांगितले म्हणजे त्या उघड्या मानेचे प्रयोजन मुलांना आपोआप पटते.

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. रायगड जिल्ह्याच्या दृष्टीने त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाच्या आहेत. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर काटक्यांचे घरटे बांधते. लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या उभ्या कड्यांतील कपारी पसंत करते. दोन्ही जातींची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. नर व मादी आळीपाळीने ते सुमारे दीड महिना उबवितात, आणि अंड्यातून निघालेले पिलू आणखी तीन महिने तरी घरट्यातच वाढते. पावसाळा सरला की घरट्यांचे काम सुरू होते व उन्हाळ्यात पिले उडू लागतात. ते पिलू स्वतः अंडे घालण्याजोगे होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात.

येथे गणिताच्या तासाचा चांगला उपयोग होतो. समजा, एका जोडीने पाचव्या वर्षी पहिले अंडे घातले आणि दर दोन वर्षांत एकच पिलू जगले. तर आपल्या जागी दोन पिले ठेवून जाण्यास त्या जोडीला वयाची आठ-नऊ वर्षे गाठावी लागतात. शिवाय ती दोन्ही पिलेही पुढे पाच वर्षे जगली पाहिजेत. ज्या पक्ष्याचा वंश इतक्या संथपणे वाढतो, त्याच्या मोठ्या पक्ष्यांपैकी थोडे जरी दरवर्षी अकाली मरू लागले, तरी सारा हिशेब उलटतो. हे उदाहरण फळ्यावर मांडून मुलांकडूनच सोडवून घ्यावे. पुढे जी हकीकत सांगावयाची आहे, ती त्यावाचून नीट समजत नाही.

गिधाडे कमी होत आहेत, ही गोष्ट प्रथम ठळकपणे नोंदविली गेली ती राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश तेथे ऐंशीच्या दशकापासून निरीक्षण करीत होते. नव्वदच्या दशकात त्यांना घरटी ओस पडलेली आणि झाडांवर माना खाली टाकून बसलेली गिधाडे दिसू लागली. पुढे देशभर ठरावीक रस्त्यांवरून पुनःपुन्हा मोजणी करण्यात आली, तेव्हा १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा नव्याण्णवांहून अधिक, व लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडे मिळून शेकडा सुमारे सत्त्याण्णव घटल्याचे आढळले. एके काळी जगातील सर्वांत विपुल शिकारी वर्गीय पक्ष्यांत ज्याची गणना होई, तो पांढऱ्या पाठीचा पक्षी नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरील जातींच्या जागतिक यादीत जाऊन बसला. मुंबईच्या मलबार टेकडीवर पारशी समाजाचे दोखमे आहेत. मृतदेह पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याची त्या समाजाची शतकांची प्रथा गिधाडांवाचून अडून पडली आणि तेथे सूर्यकिरण एकवटणाऱ्या साधनांचा आश्रय घ्यावा लागला.

प्रारंभी सर्वांचा तर्क साथीच्या रोगावर होता. कोणी शेतातील कीटकनाशकांवर ठपका ठेवला, कोणी अन्नटंचाईवर. खरे कारण सापडले ते पाकिस्तानातील पंजाब प्रांतात मेलेल्या गिधाडांच्या तपासणीत. लिंडसे ओक्स ह्या अमेरिकन पशुरोगतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी मेलेले पक्षी उघडून पाहिले, तेव्हा बहुतेकांचे मूत्रपिंड निकामी झालेले आणि आतील अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचलेला दिसला. मूत्रपिंड बंद पडल्यावर रक्तातील युरिक आम्ल बाहेर टाकले जात नाही. तेच असे अवयवांवर साचते. रोगजंतू शोधण्यात बराच काळ गेला. हाती काही लागले नाही. मग संशोधकांनी प्रश्न बदलला. मूत्रपिंडास अपाय करील असे कोणते औषध गुरांना दिले जाते, ह्याची चौकशी त्यांनी औषधांच्या दुकानांत केली. उत्तर मिळाले : डायक्लोफिनॅक. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या ज्या २५ पक्ष्यांची तपासणी झाली, त्या सर्वांच्या शरीरात ह्या औषधाचा अंश मिळाला. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांपैकी एकातही तो नव्हता. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. वरच्या वर्गांना विज्ञान शिकविताना तुलना कशी करावी ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल. त्या १३ पक्ष्यांची तपासणी केली नसती, तर पहिल्या २५ पक्ष्यांवरून काहीच निश्चित सांगता आले नसते.

डायक्लोफिनॅक हे विष नव्हे. माणसाची सांधेदुखी, सूज, ताप ह्यांवर ते सर्रास दिले जाते. नव्वदच्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुरांसाठीही वापरात आले. नांगरणीने बैलाचा खांदा सुजला, गाय लंगडू लागली, म्हैस तापाने फणफणली, की एक सुई पुरे होई. ह्यात कोणाचीही दुष्ट बुद्धी नव्हती. उलट मुक्या जनावराच्या वेदनांचा कळवळाच होता. जनावर बरे झाले तर प्रश्न नसे. काही दिवसांत औषध शरीराबाहेर पडे. परंतु सुई दिल्यावर एक-दोन दिवसांत ते दगावले, तर औषधाचा अंश मांसात तसाच राही आणि ते मांस खाणारे गिधाड काही दिवसांत मरे. एका मढ्यावर वीस-तीस गिधाडे जमतात. म्हणजे एका सुईने किती बळी जातील ते सांगावयास नको. शंभर मढ्यांत एखाद्याहूनही कमी मढे असे दूषित असले, तरी एवढी प्रचंड घट घडून येण्यास ते पुरेसे होते, असे शास्त्रज्ञांनी गणिताने दाखविले आहे. मघाचा फळ्यावरचा हिशेब येथे पुन्हा पुसून मांडावा.

ह्या विनाशाची किंमत माणसानेही मोजली. ईयाल फ्रँक व अनंत सुदर्शन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्वी गिधाडे असलेल्या व नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्यूंची तुलना केली आहे. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ ह्या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कुजलेल्या मढ्यांनी दूषित झालेले पाणी, आणि त्या मढ्यांवर पोसलेली कुत्री व त्यांच्यामुळे वाढलेली पिसाळी ही त्याची प्रमुख कारणे त्यांनी दिली आहेत.

उपाय योजण्यास सरकारने विलंब लावला, असे म्हणता येणार नाही. गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ साली बंदी आली. त्याच वर्षी मेलॉक्झिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांना निर्धोक असल्याचे सिद्ध झाले. टोलफेनॅमिक ॲसिडही पुढे तसेच ठरले. परंतु बंदीचा कागद निघणे वेगळे आणि गोठ्यातील सुई बदलणे वेगळे. माणसांसाठी मिळणाऱ्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचण्याचा प्रकार चालूच राहिला. म्हणून २०१५ साली माणसांसाठीचे हे इंजेक्शनही एका मात्रेच्या ३ मिलिलिटरच्या लहान कुपीतच विकावे, असा नियम झाला. दरम्यान त्याच वर्गातील दुसरी औषधेही गिधाडांना मारक असल्याचे उघडकीस आले. त्यांपैकी किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक ह्यांच्या गुरांवरील वापरास २०२३ साली, आणि निमेसुलाइडच्या वापरास २०२४ च्या अखेरीस बंदी करण्यात आली. एक दार लावावे, तो दुसरे उघडे सापडावे, असा हा वीस वर्षांचा क्रम आहे.

दुसरीकडे, रानातील सर्वच पक्षी मेले तरी वंश राहावा म्हणून हरियाणातील पिंजोर येथे सोसायटीने राज्य सरकारच्या साह्याने प्रजननकेंद्र चालविले. तशीच केंद्रे पश्चिम बंगाल, आसाम व मध्य प्रदेश ह्या राज्यांत निघाली. तेथे शेकडो पिले जन्मास आली. पिंजोरला वाढलेली पांढऱ्या पाठीची व लांब चोचीची मिळून वीस गिधाडे २०२४ च्या प्रारंभी महाराष्ट्रात आणून पेंच व ताडोबा येथील मोठ्या पिंजऱ्यांत ठेवण्यात आली. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला वारा, ऊन, दूरचे मढे ह्यांची सवय व्हावी लागते. ती झाल्यावर त्यांना मोकळे करण्यास त्याच वर्षी प्रारंभ झाला.

ही सारी हकीकत दूरची वाटेल. परंतु महाड-पोलादपूरच्या शाळांना तिचा एक धागा अगदी जवळचा आहे. देशभर गिधाडांची दाणादाण उडालेली असता रायगड जिल्ह्यातील दोन-तीन ठिकाणी ती तग धरून राहिली. म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या रानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी टिकली. महाड तालुक्यात नाणेमाचीच्या परिसरातही त्यांची वसती राहिली. महाडचे प्रेमसागर मेस्त्री व त्यांची ‘सीस्केप’ ही संस्था ह्या वसतींचा मागोवा चालू शतकाच्या आरंभापासून घेत आली आहे. घरट्यांची झाडे राखणे, खाली पडलेले पिलू उचलून त्याची शुश्रूषा करणे, आसपासच्या गावांत मेलेल्या जनावराची वार्ता कळताच ते गिधाडांच्या जागी पोहोचविणे, आणि हे सारे वनविभाग व ग्रामस्थ ह्यांना बरोबर घेऊन करणे, असे त्या कामाचे स्वरूप आहे. घाटाच्या पलीकडे चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही भाऊ काटदरे ह्यांची संस्थाही कोकणातील घरट्यांच्या नोंदी घेत आली.

चिरगावच्या लोकांचे येथे विशेष कौतुक केले पाहिजे. उंच झाड म्हणजे कोकणातील शेतकऱ्याच्या दृष्टीने रोख पैसा. लग्नकार्य, आजारपण, घराची डागडुजी अशा अडीअडचणीला तेच तोडून विकले जाते. ते घरट्यासाठी उभे ठेवणे, घरट्याखालची घाण व दुर्गंधी सोसणे आणि वर गिधाडांचे गाव म्हणून थट्टा ऐकणे, हे बोलण्याइतके सोपे नाही. मोठ्या भाषणांपेक्षा अशा राखलेल्या झाडांचा ह्या कामी अधिक उपयोग झाला आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-म्हसळ्याकडील असंख्य जुनी झाडे त्यात मुळासकट उलथली, आणि उंच झाडांवर अवलंबून असलेल्या ह्या पक्ष्यांचा आसरा आणखी आकसला.

कशेडीच्या वाड्यांत घरटे नसेल. मग तेथील मुलांचा ह्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. गिधाड ऊन चढल्यावर तापून वर जाणाऱ्या हवेच्या आधाराने, पंख जवळजवळ न हलविता, एका दिवसात शंभराहून अधिक किलोमीटरचा टापू धुंडाळू शकते. त्याच्या दृष्टीने नाणेमाचीचा कडा, चिरगावचे रान व कशेडीचा घाट ही एकाच अंगणातील ठिकाणे होत. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सीमा त्याला ठाऊक नाहीत. घरटे एका गावात राखले जाते, आणि ते राहणार की ओस पडणार ह्याचा निर्णय चाळीस किलोमीटरवरील दुसऱ्या गावच्या गोठ्यात, बैलाला कोणती सुई टोचली गेली त्यावरून होतो. म्हणून ज्या गावात एकही गिधाड नाही, त्या गावातच हा पाठ अधिक काळजीपूर्वक घेतला पाहिजे.

मुलांनी घरी एवढेच सांगावे, की जनावर आजारी पडल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे किंवा पशुवैद्यकास बोलवावे, आणि वेदनेवरचे औषध देताना ते मेलॉक्झिकॅम आहे काय, एवढे विचारावे. औषधाच्या दुकानातून आपल्याच मनाने कुपी आणून टोचू नये. औषधाच्या कुपीला मुलांनी हात लावावयाचा नाही. नाव मात्र वाचावयास हरकत नाही. ज्यांना अक्षरओळख नाही अशा आजी-आजोबांच्या घरी चौथीतील मुलगी ते नाव वाचून दाखवू शकते, हा त्या मुलीच्या शिक्षणाचा फार मोठा उपयोग झाला.

अन्नाचा प्रश्न मात्र औषधाहून बिकट आहे. नांगराच्या बैलांची जागा यंत्राने घेतली, तरुण मंडळी मुंबई-पुण्यास गेली आणि गोठे रिकामे झाले. उरलेली मेलेली जनावरे बहुधा पुरली जातात. त्यामागे एक इतिहास आहे, आणि महाडच्या परिसरातील शिक्षकाने तो टाळून पुढे जाऊ नये. मेलेली ढोरे ओढण्याचे काम जुन्या गावगाड्याने एका जातीच्या माथी मारले होते व त्या कामावरूनच त्या जातीला हीन लेखले होते. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला जी परिषद भरली व जेथून चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तेथेच मृतमांस खाणे सोडण्याची हाक देण्यात आली, आणि पुढे गावोगावी लोकांनी ढोरे ओढण्याचे नाकारले. ते नाकारणे सर्वस्वी न्याय्य होते. तेव्हा गिधाडांसाठी मढे पोहोचवावयाचे, तर ते काम पुन्हा कोणा एकाच्या जन्माशी बांधता कामा नये. गावाने वाहन द्यावे आणि ज्याचे जनावर, त्याने स्वतः सोबत जावे, हीच रीत योग्य होय. फणसाडच्या अभयारण्यात, तसेच नाशिक व गडचिरोली जिल्ह्यांत गिधाडांना मढी देण्याच्या ठरावीक जागा करण्यात आल्या. तेथे टाकावयाच्या जनावराला अलीकडे घातक औषध दिलेले नाही व ते विषबाधेने अथवा साथीच्या रोगाने मेलेले नाही, ह्याची खात्री पशुवैद्यकाकडून करून घ्यावी लागते. बिबट्याने गुरू मारले म्हणून रागाच्या भरात त्यावर विष घालण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. बिबट्या मरो न मरो, गिधाडे त्यात हमखास मरतात, आणि तो कायद्याने गुन्हाही आहे.

२०१५ च्या सुमारास केलेल्या अंदाजानुसार देशात पांढऱ्या पाठीची सुमारे सहा हजार व लांब चोचीची सुमारे बारा हजार गिधाडे उरली होती. एके काळी ज्यांची मोजदाद करण्याची कोणास गरज वाटली नाही, त्यांचा आता एकेक करून हिशेब ठेवावा लागतो. ह्या मोजणीत शाळाही भाग घेऊ शकतात. त्यासाठी मुलांना आकाशातील आकृती ओळखता आली पाहिजे. घारीचे शेपूट टोकाशी दुभंगलेले असते व ती सारखी शेपूट वळविते. गिधाड घारीहून पुष्कळच मोठे. पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे दोन मीटर, म्हणजे वर्गाच्या दारापेक्षा रुंद. पंखांची टोके बोटांसारखी फाकलेली, शेपूट आखूड, मान आत ओढलेली. जमिनीवर खडूने दोन मीटरची रेघ ओढून त्यावर दोन मुले हात पसरून उभी केली, म्हणजे आकाराची कल्पना चित्रापेक्षा लवकर येते.

नोंदवही साधी असावी : दिनांक, वेळ, जागा, किती पक्षी, कोणत्या दिशेने गेले. सकाळी दहानंतर, ऊन तापल्यावर, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे मोकळ्या जागेवर उभे राहून आकाश न्याहाळावे. पावसाळा संपताच, म्हणजे ऑक्टोबरात, आरंभ करून परीक्षेपर्यंत क्रम चालू ठेवावा. एकही गिधाड दिसले नाही, तर रकाना मोकळा न सोडता त्यात शून्य लिहावे. मोकळ्या रकान्यावरून कोणी पाहिलेच नाही, की पाहूनही दिसले नाही, हे नंतर कळत नाही. एखादे दिवशी गिधाड दिसलेच, किंवा जखमी पक्षी वा पिलू जमिनीवर आढळले, तर त्याला न हाताळता त्याच दिवशी जवळच्या वनविभागाच्या कार्यालयास कळवावे, आणि कोणी, केव्हा कळविले तेही वहीत लिहावे.